टाकीवरचा पोचा

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी एक वृद्ध हाडवैद्य राहत होते; सगळे त्यांना आबा म्हणत. निखळलेला खांदा बसवणे, मुरगळलेला पाय चोळून बरा करणे, लचकलेली कंबर सरळ करणे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. मोडलेले हाड असेल तर ते हात न लावता तालुक्याच्या दवाखान्यात धाडीत. त्यांच्या कामाची एक रीत होती. दुखऱ्या जागेला ते कधीच प्रथम स्पर्श करीत नसत. रोग्याला म्हणत, "आधी तुमचा हात ठेवा." रोग्याने आपला हात तेथे ठेवला की त्यावर ते स्वतःचा हात ठेवीत, आणि मग रोग्याचा हात हळूच खालून काढून घेत. असे का, हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते, आणि कळवळत आलेला माणूस ते विचारीतही नसे.

त्यांचा एक शिष्य होता. आबांची बोटे वयाने आखडल्यापासून घाटावरच्या वाड्यावस्त्यांवर तोच मोटारसायकलने जात असे. एके संध्याकाळी घाट उतरताना वळणावर सांडलेल्या खडीवरून त्याची गाडी घसरली. तो चरात फेकला गेला. गाडी घसरत जाऊन एका टँकरच्या मागच्या चाकाशी अडकली. चरात पालथा पडलेल्या शिष्याला दिसले काहीच नाही. पत्रा दबल्याचा आवाज मात्र ऐकू आला. त्याला कोपराला खरचटण्यापलीकडे इजा झाली नव्हती. कोणी त्याला घरी पोचवले, कोणी गाडी टेम्पोत घालून तालुक्याच्या शोरूमला नेऊन टाकली. बायकोने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. सारे गाव म्हणाले, थोडक्यात निभावले.

त्यानंतर सुरू झाल्या खेपा. शोरूमवाले म्हणत, विमा कंपनीची मंजुरी आल्याशिवाय गाडी खोलता येत नाही. कंपनीचा माणूस फोनवर म्हणे, शोरूमकडून खर्चाचा अंदाजच आलेला नाही. अंदाज गेला, तर ज्याने तो पाहायचा त्याची बदली झाली होती. नवा माणूस आला, तर तो रजेवर. शिष्य एसटीने जाई, काउंटरवर भांडे आणि एसटीने परत येई. रात्री जेवताना तो त्या लोकांची नक्कल करून दाखवी. बायको हसे, पण त्याचा घास हातातच राहिलेला असे, तोही तिला दिसे.

अशातच घाटावरच्या एका वस्तीतून पारूबाई नावाची बाई निखळलेला खांदा घेऊन उतरली. आबांनी शिष्याला पुढे केले. त्याने हात पुढे नेला आणि त्याची बोटे थरथरू लागली. पारूबाईने त्या बोटांकडे पाहिले, मग त्याच्या तोंडाकडे, आणि भिंतीपर्यंत मागे सरकली. शेवटी आबांनाच उठावे लागले. आखडलेल्या बोटांनी त्यांना बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ ती बाई कण्हत राहिली. निघताना ती पायरीवर थांबून म्हणाली, "आबा, तुमच्यामागं आम्ही कुणाकडं जायचं?" शिष्य त्या वेळी आत होता. त्याने ते ऐकले.

त्या रात्री तो आबांना म्हणाला की गाडीच्या काळजीने चित्त ठिकाणावर नाही, ती एकदा दुरुस्त होऊन आली की हातही स्थिर होईल. शोरूमच्या मालकाच्या वडिलांची कंबर आबांनीच बरी केली होती. आबांनी येऊन एक शब्द टाकला तर काम होईल. आबा म्हणाले, "येतो."

तालुक्याचे गाव घाट चढून पलीकडे होते. दोघे एसटीने निघाले. शिष्य डोंगराकडच्या बाजूला बसला. ते वळण जवळ आले तसे त्याने डोळे मिटले, समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरला आणि एसटी माथ्यावरच्या सपाटीला लागल्यावरच सोडला. आबांनी ते पाहिले आणि तंबाखूची चंची उघडली.

शोरूममध्ये काचेचे दार, थंड हवा आणि रांगेने उभ्या असलेल्या नव्या गाड्या होत्या. एका मुलीने आबांना विचारले की काका, टोकन घेतलंत का? शिष्याने तिला बाजूला सारून मॅनेजरला गाठले आणि सारी कहाणी पहिल्यापासून सांगायला घेतली. आवाज चढला. गिऱ्हाईके वळून पाहू लागली. आता आबा बोलतील म्हणून त्याने मागे पाहिले. आबा मॅनेजरला म्हणाले, "गाडी कुठं ठेवलीय?"

"मागे शेडमध्ये आहे, बाबा."

"याला दाखवलीत?"

मॅनेजरने खालच्या आवाजात सांगितले की उशीर त्यांच्याकडून झाला, तो नाकारत नाही. पण विम्याचा माणूस दोनदा येऊन गेला होता. गाडीचा मालक समोर असल्याशिवाय तो पाहणी करत नाही. दोन्ही वेळा यांना फोन केला. एकदा यांच्याकडे रोगी होता, एकदा यांना ताप होता. "आणि इथे आले तरी हे काउंटरच्या पुढे येतच नाहीत. मी म्हटलं, चला दाखवतो, तर म्हणाले, गाडी काय बघायची, काम बघा."

आबा काठी टेकत मागच्या दाराने शेडमध्ये गेले, एक उलटा डबा ओढून त्या गाडीशेजारी बसले आणि तंबाखू मळू लागले. मॅनेजर गोंधळून शिष्याकडे पाहत राहिला. कामगार येता-जाता त्या म्हाताऱ्याकडे पाहत होते. बराच वेळ गेला. शेवटच्या एसटीची वेळ जवळ येऊ लागली, तेव्हा शिष्याने दारात उभे राहून हाक मारली, "आबा, चला ना."

"तू ये. मला उठवत नाही."

उंबऱ्यापासून गाडीपर्यंत चार पावलांचे अंतर होते. शिष्याच्या कानात पत्रा दबल्याचा तोच आवाज घुमू लागला. तो जमिनीकडे पाहत चालत आला. आधी त्याला चाक दिसले, मग पाय ठेवायचा वाकलेला दांडा, मग टाकी. टाकीच्या डाव्या अंगाला, जेथे त्याचा गुडघा टेकत असे, तेथे पत्रा आत गेला होता. आबा म्हणाले, "आधी तुझा हात ठेव."

तो ठेवीना. आबांनी घाई केली नाही. शेवटी त्याने हात नेला, आणि तो त्या पोच्यात टेकला. त्यावर आबांनी आपला हात ठेवला.

"केवढा आहे?"

"तळहाताएवढा."

"आणि रात्री डोळ्यांपुढं केवढा असतो?"

शिष्याचे खांदे हलू लागले. आबांनी ते हलू दिले, आणि मग सावकाश म्हणाले, "दुखणारा माणूस आपल्याला सगळं अंग दाखवतो, दुखरी जागा सोडून. कोपर निखळलेला मनगट दाखवतो. तू मला काउंटर दाखवलंस, कंपनी दाखवलीस, बदली झालेला माणूस दाखवलास. ते सगळं खरंच आहे. त्यांचा उशीर त्यांच्याजवळ. पण त्या उशिराच्या आडोशाला तू जाऊन बसलास. न पाहिलेल्या जागेला तळ नसतो, बाबा. स्वतःचा हात तिथं पोचला की निदान माप तरी कळतं. म्हणून मी रोग्याचा हात आधी ठेवायला लावतो. माझा हात नंतरचा."

"तळहाताएवढा असला तरी, आबा, तिथं माझा पाय होता."

"होता. म्हणून तर भ्यायचंच. पण एवढंच, या मापाइतकं."

एवढे बोलून त्यांनी शिष्याचा हात हळूच खालून काढून घेतला, आणि स्वतःचा हात त्या पोच्यावर तसाच थोडा वेळ राहू दिला.

निघताना शिष्याने मॅनेजरला सांगितले की विम्याचा माणूस येईल त्या दिवशी फोन करा, मी हजर राहीन. मॅनेजर म्हणाला की सुटे भाग यायला तरीही वेळ लागेल. "लागू द्या," शिष्य म्हणाला. त्याच्या आवाजात भांडण नव्हते.

परतीच्या एसटीत तो दरीच्या बाजूला बसला. वळण जवळ आले तसा त्याचा हात आपोआप डाव्या गुडघ्यावर गेला. समोरून एक टँकर हॉर्न वाजवीत आला आणि गेला. शिष्याने डोळे मिटले नाहीत. चर दिसला, खडी दिसली, कोणीतरी वळणावर ठेवलेला चुन्याने रंगवलेला दगड दिसला. त्याच्या खांद्यावर मान टाकून आबांना झोप लागली होती. दुसऱ्या हाताने त्याने त्यांची काठी सांभाळून धरली.

कोणाची गाडी शेडमध्ये असते, कोणाच्या घरी उघडायला भीती वाटते असे एक कपाट असते. आपण मात्र सांगत राहतो की किल्ली सापडत नाही.