नारळ परत जोडा

चूक कॅप्टन दातारांची होती. दसऱ्याच्या सकाळी त्यांनी विमानाच्या पंख्यासमोर, जेमतेम दोन पावलांवर, सिमेंटवर नारळ आपटला. त्यांच्या हाताखाली उडायला शिकवणाऱ्या मुळ्ये मॅडम नको म्हणाल्या होत्या. पण हाताखालच्या माणसाचं ऐकायची सवय कॅप्टनना नव्हती.

"मग फोडायचा तरी कुठे?" कॅप्टन विचारत होते. "दसरा आहे, वस्ताद. यंत्राची पूजा करायचीच नाही का?"

इलाही वस्ताद विमानाच्या चाकाला टेकून बसले होते. माळेवाडीच्या त्या एवढ्याशा विमानतळावर चाळीस वर्षं ते इंजिनं खोलत आणि बसवत आलेले. विमानाची किल्ली त्यांच्या खिशात होती, आणि ते ती देत नव्हते.

"जिथं परत जोडता येईल, तिथं."

कॅप्टनना ती थट्टा वाटली.

थट्टेला वेळ नव्हता. रेवती आज पहिल्यांदा एकटी उडणार होती. तिचे वडील गवंडीकामावर खाडा करून पहाटेच्या एसटीने आले होते. दहानंतर माळावर आडवा वारा सुटतो, मग नवशिक्याला एकटं सोडत नाहीत.

कॅप्टनचंही घाईचं स्वतःचं एक कारण होतं. आजवर त्यांनी नव्याण्णव पोरं एकटी आकाशात सोडली होती. रेवती शंभरावी. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार, आणि तिच्यामागे तयार असं कुणीच नव्हतं. पेढ्यांच्या खोक्यावर त्यांनी आकडा आधीच घालून आणला होता. म्हाताऱ्या माणसांना दम निघत नाही.

सव्वानऊ झाले होते.

कॅप्टन म्हणाले, झाडू दोनदा मारलाय. जागा आरशासारखी आहे. मी स्वतः पाहिलीय. तीस वर्षं विमान चालवणाऱ्या माणसाने जागा साफ आहे म्हटलं की ती साफ असते.

वस्तादांनी ऐकून घेतलं.

"तुकडं किती झालं होतं?"

"...तुकडे कोण मोजतं?"

"मग जोडा."

यावर कॅप्टन बरंच बोलले. शिस्त, हुद्दा, वय, सगळं काढलं. वस्ताद तोवर कान कोरत बसले. तेही काही संत नव्हते. कॅप्टन दमले तसे त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून जमिनीवर अंथरला.

पंखा सुरू झाला की समोरचा खडा ओढून घेतो. पात्याला खाच पडते, नाहीतर खडा गोळीसारखा मागे जातो. करवंटीचा तुकडा खड्याहून वाईट. हे तिथल्या प्रत्येकाला पाठ होतं. शिकवलं होतं कॅप्टननीच.

आधी मुळ्ये मॅडम बसल्या. मग रेवती. मग तिचे वडील.

खोबरं बहुतेकांच्या पोटात गेलं होतं. करवंट्या कचऱ्याच्या डब्यात होत्या, त्या काढून आणल्या. रेवतीच्या हातातलं खोबरं अजून संपलं नव्हतं, ते तिने घाईघाईने खाल्लं आणि करवंटी पंच्यावर ठेवली. वस्तादांनी ग्रीसचा डबा पुढे सरकवला. कडेला ग्रीस लावायचं, तुकड्याला तुकडा चिकटवायचा.

नारळ जोडणं सोपं नसतं. तो घरंगळतो. एक बाजू बसली की दुसरी सुटते. मुळ्ये मॅडमच्या नाकाला ग्रीस लागलं. रेवती हसली, तशा त्या म्हणाल्या, हस, वरून खाली यायचंय तुला माझ्याकडेच.

"आमच्याकडं नारळ फोडायला बोलावत्यात," रेवतीचे वडील म्हणाले. "जोडायला बोलावलेलं पहिल्यांदाच."

एवढ्यावर कॅप्टनही हसले. खाली बसले. गुडघे वाजले. पाच मिनिटांत ते सगळ्यांवर ओरडत होते, तो तिकडचा नाही, इकडचा आहे, शेंडीकडे घ्या. त्यांच्याइतकं रमलेलं दुसरं कुणी नव्हतं.

नारळ उभा राहिला. काळा, ओशट, वाकडा.

बुडाशी एक भोक होतं. अंगठ्याच्या नखाएवढं.

हसणं थांबलं. सगळे रांगले. विमानाखाली, चाकांमागे, सिमेंटच्या भेगांत. रेवती पोटावर पडून शोधत होती, तिचा पांढरा शर्ट तपकिरी झाला. वडील झाडांची पानं हलायला लागली का ते बघत होते.

तुकडा नव्हता.

नऊ चाळीस.

"कॅप्टन," वस्ताद म्हणाले, "बूट काढा."

"...माझे?"

वस्तादांनी त्यांच्या पायांकडे बोट केलं.

कॅप्टननी उजवा बूट काढला. उलटा केला. काही नाही. डावा काढला.

बुटाच्या तळाच्या खाचेत करवंटीचा तुकडा बसला होता. घट्ट, जणू मोचीने ठोकलेला.

जागा साफ आहे हे दाखवायला ते सकाळपासून तो घेऊन सगळीकडे हिंडले होते.

त्यांनी नखाने तो तुकडा उकरला आणि स्वतःच भोकात बसवला. बसला. रेवतीने टाळी वाजवली. कॅप्टननी हात पुढे केला, किल्लीसाठी.

वस्तादांनी किल्ली खिशातून काढली. हातातच ठेवली. आणि हँगरच्या दारावरच्या फळ्याकडे पाहिलं.

फळ्यावर दातारांच्याच अक्षरात नियम होता. ज्याच्याकडून इथे काही सांडेल, तो त्या दिवशी विमानात बसणार नाही, कुणाला सोडणार नाही. पेनाच्या टोपणासाठी त्यांनी पोरं घरी पाठवलेली आहेत. रडणारी पोरं.

"तो नियम शिकणाऱ्यांसाठी..." कॅप्टन म्हणाले.

आणि थांबले.

...

 मग त्यांनी वस्तादांच्या हातातून किल्ली उचलली, आणि अनवाणी चालत जाऊन मुळ्ये मॅडमच्या हातात दिली. मॅडमनी आजवर कुणाला एकटं सोडलं नव्हतं. कॅप्टननी सोडू दिलं नव्हतं.

मॅडम रेवतीबरोबर आकाशात एक फेरी मारून आल्या, उतरल्या, आणि दार बाहेरून लावलं. दहाला सात मिनिटं होती.

रेवती एकटी वर गेली. माळाला एक वळसा घातला. उतरताना एकदा टुणकन उसळली, मग टेकली. तिचे वडील मटकन खाली बसले आणि डोक्यावरची टोपी काढून तिच्यात तोंड लपवून हसत राहिले. एकट्याने उडून आलेल्यावर बादलीभर पाणी ओततात तिथे. बादली कॅप्टननी ओतली. दुसरी रेवतीने त्यांच्यावर. साठीचा माणूस भिजून, पाय चटके खात, सिमेंटवर नाचत होता. इतका चांगला तो आधी कधी दिसला नव्हता.

पेढा घेऊन ते वस्तादांकडे आले. अजून धाप लागलेली.

"वस्ताद... शिकवली तर मीच ना तिला? शंभर झाले म्हणायचे?"

वस्तादांनी पेढा तोंडात टाकला. बोटं पंच्याला पुसली.

"ती मुळ्येबाईंची पहिली. तुमचे नव्याण्णव."