दुपारची हाळी

“...मग अप्पा, उद्या हात कुणाच्या बाजूनं वर करू?”

मन्मथ हालकुड्यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. गुरुपाद स्वामी चुलीपुढं बसून भाकरी शेकत होते. कान शाबूत होते त्यांचे. पण भाकरी फुगायला आली होती, आणि तिला सोडून माणसाकडं बघायचं म्हणजे ती करपणार.

विचारणारा काही ऐरागैरा नव्हता. गावचा नगराध्यक्ष. याच मठात स्वामींपुढं पाटीवर अक्षरं गिरवलेला. पुढं खुर्ची मिळाली, तशी मठाची वाट मोडली.

गोष्ट अशी होती. मठासमोर पालिकेची जागा, आणि त्या जागेवर जुनी पत्र्याची शेड. आल्यागेल्याला तिथं मठाकडून दुपारचं जेवण. दासोह म्हणतात त्याला. अकरा नगरसेवकांचं म्हणणं, शेड पाडा, तीन मजली व्यापारी संकुल उठवा, गाव वर येईल. दुसऱ्या अकरांचं म्हणणं, दासोह साऱ्या गावाचा आहे, त्याला वर्षाचं अनुदान द्या आणि शेड राहू द्या.

अकरा नि अकरा. उद्याच्या सभेत तराजू कलायचा तो अध्यक्षांच्या एका हातानं.

मन्मथरावांनी संकुलाचा नकाशा चटईवर पसरला. रोज पाचशे माणूस या दारावरून जाईल म्हणाले. मग आवाज जरा खाली आणून आपल्या मनातलंही बोलून गेले. एसटी स्टँड गावाबाहेर गेला, आठवडी बाजार उठला, वाटसरू राहिले नाहीत. शेडमध्ये हल्ली कबुतरंच जेवतात.

“खरं आहे,” स्वामी म्हणाले.

एवढंच.

स्वामी भांडतील म्हणून मन्मथराव चांगली तयारी करून आले होते. ती सगळी तयारी तशीच मांडीवर राहिली.

तेवढ्यात बाराचा भोंगा झाला. स्वामींनी तवा उतरवला. गुडघ्यावर हात देऊन उठले आणि दारात जाऊन उभे राहिले. उन्हानं रस्ता पांढराफटक पडला होता. तोंडाशी हात धरून त्यांनी हाळी दिली.

“जेवायचं राहिलंय का कुणी...?”

समोरच्या लिंबाखालचं कुत्रंसुद्धा हललं नाही.

दुसरी हाळी... मग तिसरी.

तिसरीनंतर ते सावकाश वळले.

“तुझं?”

“माझं झालंय, अप्पा.”

झालं नव्हतं. सकाळी कपभर चहावर बाहेर पडलेला माणूस. पण आपल्याकडं जिभेला वळणच तसं. कुणी पानावर बोलावलं की पोटात कावळे कोकलत असले तरी तोंडातून आधी ‘झालंय’ निघतं. त्यात हा पदाचा माणूस. मठात पत्रावळीवर बसला तर उद्या एका बाजूचे म्हणणार, मिंधा झाला.

स्वामींनी मान हलवली. भाकऱ्या फडक्यात बांधून दुरडीत ठेवल्या, दुरडी शिंक्यावर. आमटीवर झाकण घातलं. मग तांब्याभर पाणी घटाघट प्याले आणि भिंतीला टेकून बसले.

मन्मथरावांना चमत्कारिक वाटलं. तुम्ही जेवून घ्या, माझी वाट बघू नका, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

“पाहुणा जेवल्याबिगर या मठाचा स्वामी जेवत नाही.”

“आणि कुणी आलंच नाही तर?”

स्वामींनी तांब्या पुन्हा भरून ठेवला.

“काल कोण आलं होतं?”

स्वामींनी नकारार्थी मान हलवली.

“परवा...?”

स्वामींचा चेहरा जरा उजळला. परवा एक बांगडीवाला आला होता म्हणाले. भला माणूस. तीन भाकऱ्या खाल्ल्या, सासूची नक्कल करून दाखवली, आणि जाताना ‘आता कुणी येत नाही वाटतं’ म्हणाला.

मन्मथरावांनी शिंक्याकडं बघितलं. मग स्वामींच्या गळ्याच्या घाटीकडं. म्हणजे परवापासून नुसतं पाणी. नकाशा गुंडाळला, बाजूला सारला आणि मांडी घालून बसले.

“खोटं बोललो, अप्पा. राहिलंय माझं.”

स्वामींनी दुरडी उतरवली. पत्रावळीवर भाकरी, आमटी, शेंगांची चटणी. बुक्कीनं कांदा फोडून पानाच्या कडेला ठेवला आणि समोर बसून राहिले.

पहिल्याच घासाला मन्मथरावांना घरचं जेवण आठवलं. बायको जाऊन चार वर्षं झालेली. लेक सासरी, मुलगा समुद्रापार. घरी खानावळीचा डबा येतो. तो टीव्हीपुढं, झाकणातच कालवून खायचा. दिवसभर दारात माणसांचा राबता, कुणाला दाखला हवा, कुणाला नळ. पण डबा उघडला की समोर फक्त भिंत.

“आणखी अर्धी घे,” स्वामी म्हणाले.

कुणी असं म्हणून किती दिवस झाले होते... त्यांनी अर्धी घेतली. मग आणखी एक.

पाहुण्याच्या पोटात अन्न गेल्यावर स्वामींनी आपलं पान मांडलं. पहिली भाकरी त्यांनी आमटी वाढून घ्यायच्या आत कोरडीच संपवली. मन्मथरावांनी दुसरीकडं बघितलं.

हात धुता धुता मन्मथरावांचा निर्णय झाला. संकुल गेलं उडत. उद्या अनुदानाच्या बाजूनं हात वर करतो, पक्षानं काढलं तरी बेहत्तर, असं म्हणाले. वर्षभराचं धान्य भरून देतो. स्वयंपाकाला बाई ठेवतो. शेडला फरशी, वर पंखे. तुम्हाला म्हणून एक दिवस उपाशी राहू देणार नाही. बोलता बोलता छाती जरा पुढं आली, सभेत यायची तशी.

स्वामी ऐकत होते. दोन्ही पत्रावळी त्यांनी उचलल्या, घडी घातल्या आणि उंबऱ्याशी थांबले. बाहेर तोच रिकामा रस्ता.

“पाठव की. धान्य येईल... पंखे येतील...”

स्वामींनी हनुवटीनं रस्ता दाखवला.

“जेवायला कोण येईल?”