मास्तरांची पोटदुखी

खेकडे अजून सरळ चालायचा हट्ट धरत होते, त्या काळची ही गोष्ट. ओढ्यातल्या शाळेत खेकडेमास्तर वयात येणाऱ्या पोरांना शिकवत, "वाढत्या अंगाला कवच आवळायला लागलं की चिडचिड होते, भूक मरते, एकटं बसावंसं वाटतं. तेव्हा लपवू नका, कुणाला तरी सांगा. जुनं कवच टाकलं की काही दिवस अंग मऊ राहतं, त्यात लाज कसली?"

स्वतः मास्तर मात्र दरवर्षी त्या दिवसांत पोटदुखीची रजा टाकत. शिकवणाराच मऊ पडला तर पोरं काय म्हणतील, असं त्यांना वाटे.

यंदाही पोरांवर उगाच नांग्या उगारून झाल्यावर ते बिळाला दगड लावून आत बसले. बाहेरून शेवंता नावाच्या विद्यार्थिनीने विचारलं, "मास्तर, चिडचिड होतेय? भूक मेलीय?"

"वा! धडा अगदी पाठ झालाय तुझा," मास्तर आतून खेकसले.

"हो मास्तर. तुमचा कधी व्हायचा?"

मास्तरांना स्वतःचंच हसू आलं, आणि त्या हसण्याने पाठीवरचं कवच तडकलं. घाबरून त्यांनी दगड बाजूला सारला.

"पोटबिट काही दुखत नाही गं," ते म्हणाले. "भीती वाटतेय. जरा बसतेस का इथं?"