तिरकी प्रदक्षिणा

डोंगराच्या कुशीत एक देवराई होती आणि त्या देवराईतल्या झऱ्याच्या तोंडाशी, ओल्या बिळात, एक खेकडी राहत असे. देवराई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथलं वाळकं पानसुद्धा कुणी बाहेर न्यायचं नाही आणि तिथे कुणी कुणाची शिकार करायची नाही, असा जुना रिवाज. झऱ्याच्या वर शेंदूर फासलेला एक दगड होता. त्याला सगळी जनावरं 'झऱ्याची आई' म्हणत. खेकडी रोज सकाळी उठे, दोन्ही नांग्यांनी झऱ्याच्या तोंडातला गाळ आणि कुजका पाला ओढून बाहेर काढी आणि म्हणे, "आई, आज फार साचलंय गं! थांब हं, मोकळं करते." पाणी खळखळायला लागलं की दगडाभोवती एक फेरी मारून ती परत बिळात शिरे. झाली तिची पूजा. मंत्र नाही, तंत्र नाही, आणि आपल्याला कुणी बघतंय का याची फिकीर तर मुळीच नाही.

आता बाळांनो, असं सगळं सुरळीत चाललेलं असलं की कुणीतरी येऊन त्यात नाक खुपसतंच. एका फाल्गुनात पायथ्याच्या देवळाकडून एक वानर देवराईत आला. देवळाच्या शिखरावर बसून त्यानं चार वर्षं लोकांच्या हातातलं खोबरं पळवलं होतं, आणि तेवढ्या पुण्याईवर स्वारी स्वतःला 'वानरबुवा' म्हणवून घ्यायला लागली होती.

"तुम्ही देवीचे भक्त ना?" त्यानं पहिल्याच दिवशी सगळ्यांना गोळा करून विचारलं. "मग खूण कुठाय?"

जनावरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. खूण कसली? त्यांना काय ठाऊक! मग बुवांनी शिकवायला सुरुवात केली. कपाळाला तांबड्या मातीचा टिळा हवा. सूर्य डोक्यावर आला की दगडासमोर डोळे मिटून बसायचं, आणि बुवांनी टाळी वाजवेपर्यंत उघडायचे नाहीत. एकामागे एक, सरळ रांगेत प्रदक्षिणा घालायची. आणि हो, रोज ओंजळभर फुलं झऱ्यात वाहायची. ज्याच्या अंगी या खुणा तो भक्त, बाकीचे सगळे पाखंडी.

जनावरांना हे भारी आवडलं. का नाही आवडणार? झऱ्यातला गाळ काढण्यापेक्षा कपाळाला माती फासणं केव्हाही सोपं. मोरानं तर टिळा लावून पाण्यात दहादा स्वतःला न्याहाळलं. मला वाटलं होतं, नव्याचे नऊ दिवस, पण छे! चैत्र लागला, पळस आणि पांगारा फुलून गेले, आणि रोज टोपल्याच्या टोपल्या फुलं झऱ्यात पडायला लागली. वरवर झरा लालभडक, देखणा दिसे. खाली ती फुलं कुजत, त्यांचा चिकट काळा लगदा होई आणि झऱ्याच्या नेमक्या नरड्यात जाऊन बसे. बिचाऱ्या खेकडीचं काम तिप्पट झालं. ती आधी सकाळी गाळ काढायची, आता संध्याकाळपर्यंत काढत राही. काढलेला लगदा ती झाडाच्या बुंध्याशी नेऊन टाकी, म्हणजे आईचं आईच्याच रानात राही.

एके दिवशी तो ढीग वानरबुवांच्या नजरेस पडला. झालं! तळपायाची आग मस्तकाला गेली. सगळी जनावरं जमवून त्यानं खेकडीला दगडासमोर उभं केलं.

"देवीला वाहिलेली फुलं उपसून फेकतेस? जीभ झडत नाही तुझी?"

"जिभेनं नाही हो उपसली, नांग्यांनी उपसली," खेकडी म्हणाली. "कुजली होती. पाणी अडत होतं."

"बघा, उलट बोलते! हिच्या कपाळाला टिळासुद्धा नाही!"

"मला कपाळ आहे कुठे? पाठीवर लावू?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. वानराला ते झोंबलं. तो बाजूच्या खडकावर चढून ओरडला, "ध्यानाला बसलेलो असताना हिचे डोळे सताड उघडे असतात. मी स्वतः पाहिलंय!"

"तुमचे मिटलेले होते ना बुवा? मग पाहिलंत कसं?" खेकडीनं विचारलं. "मला पापण्याच नाहीत. आईनं दिल्या नाहीत, तर मिटू काय?"

आता मात्र सगळेच गालातल्या गालात हसायला लागले. वानरानं शेवटचं अस्त्र काढलं. "आणि हिची प्रदक्षिणा! सरळ एक पाऊल टाकेल तर शपथ! देवीभोवती अशी वाकडी, तिरकी, आडवी चालते. याहून मोठा अपमान कोणता?"

खेकडी दगडाजवळ गेली. "बघा मग," म्हणाली, आणि आपल्या आठही पायांनी टुकूटुकू तिरकी चालत तिनं दगडाभोवती एक फेरी पुरी केली. "दिसलं? फेरीभर माझं तोंड आईकडेच होतं. तुम्ही रांगेत सरळ चालता तेव्हा कुणाकडे बघता हो? पुढच्याच्या शेपटीकडे!"

ज्याला उत्तर सुचत नाही तो शिक्षा सांगतो, हे ध्यानात ठेवा.

"माफी माग," तो दात विचकून म्हणाला. "पुन्हा फुलांना नांगी लावणार नाही असं कबूल कर. नाहीतर देवराईच्या बाहेर हो."

चैत्रातलं ऊन आठवा. देवराईबाहेर नुसता तापलेला कातळ, पाण्याचा थेंब नाही. खेकड्याचं अंग सुकलं की खेकडा मेलाच. हे खेकडीला ठाऊक होतं आणि वानरालाही ठाऊक होतं.

"माफी कशाची?" ती म्हणाली. "कर नाही त्याला डर कशाला? आईचा श्वास कोंडतोय. मी राहिले तर उपसणार, आणि बाहेर काढलंत तर परत येऊन उपसणार. काय करायचं ते करा."

रानडुकराला हुकूम सुटला. तो बुवांचा पहारेकरी. एरवी चिखलात लोळणारा गडी, पण टिळा पुसेल म्हणून महिनाभर चिखलाकडे फिरकला नव्हता. त्यानं खेकडीला अलगद सुळ्यांवर उचललं आणि सीमेबाहेरच्या कातळावर ठेवलं.

"मावशी, रागावू नको," तो पुटपुटला. "बुवांचा शब्द मोडवत नाही."

"तुला मोडवत नाही ना? मग मी मोडते," खेकडी म्हणाली आणि एका दगडाखालच्या जेमतेम ओलाव्यात शिरली.

चार दिवसांत झऱ्याची धार करंगळीएवढी झाली. आठव्या दिवशी थेंब थेंब. बुवा म्हणाले, "भक्ती कमी पडतेय, फुलं वाढवा!" घ्या! आगीत तेल. दहाव्या दिवशी भेकराचं एक पाडस झऱ्याकाठी कोसळलं. त्याची आई त्याचं कोरडं नाक चाटत बसली, पण तिच्या जिभेलाच ओल नव्हती. "रडू नकोस," बुवा तिला म्हणाले, "ध्यानाची वेळ झाली. डोळे मिट."

इतके दिवस पहारा चुकवता आला नव्हता, म्हणून शेवटी नेमकी ध्यानाची वेळ साधून, भर उन्हात, खेकडी निघाली. कातळ असा तापलेला की पाय टेकवेना. तिच्या अंगावरची ओल सीमेपर्यंतच सुकली. डोळ्यांपुढे अंधारी येत होती, तरी ती चालत राहिली, तिरकी, आपल्या चालीनं. देवराईत शिरताना तिला कुणी अडवलं नाही. अडवणार कोण? सगळे भक्त डोळे मिटून बसले होते! ती त्यांच्या मधून, मोराच्या पिसाऱ्याखालून, थेट वानराच्या शेपटीवरून गेली आणि झऱ्याच्या तोंडात घुसली.

आत नुसता काळा लगदा. "आले गं आई," ती म्हणाली आणि जिवाच्या कराराने ओढायला लागली. एक नांगी दगडात अडकली. तिनं हिसडा दिला तशी ती कडाडून मोडली. राहिलेल्या एका नांगीनं ती ओढत राहिली. आतून पाण्याचा गुडगुड आवाज यायला लागला.

"डोळे उघडू नका!" वानर ओरडला. "देवी प्रकट होतेय!"

रानडुकरानं मात्र एक डोळा हळूच उघडला आणि त्याला सगळं दिसलं.

बोळा सुटला. पाणी भसकन बाहेर आलं, सगळ्यांच्या पायांना लागलं, आणि मग कुठली टाळी नि कुठलं ध्यान! पाडसाच्या आईनं त्याला पाण्याशी ढकललं. पाडसानं तोंड लावलं आणि दोन घोटांत कान हलवले. झऱ्याच्या तोंडाशी सगळ्यांनी पाहिलं, तर एका नांगीची, काळ्या लगद्यानं माखलेली खेकडी, धापा टाकत अजून उपसतेच आहे.

आता वानर शरमला असेल असं तुम्हाला वाटेल. कसला शरमतो! त्यानं टुणकन उडी मारून जाहीर केलं, "देवीनं दृष्टांत दिला! आजपासून भक्ताची खरी खूण तिरकी चाल! चला, सगळ्यांनी तिरकी प्रदक्षिणा घाला! खेकडीमातेला फुलं वाहा!"

आणि ती सगळी शहाणी निघाली की हो तिरकी चालायला! मोर सशावर पडला, साळिंदराचे काटे तरसाच्या कुशीत घुसले, कुणाचे पाय कुणात हे कळेना. आणि पुन्हा मूठ मूठ पांगारा झऱ्यात पडायला लागला.

खेकडीचा संयम संपला. "अरे थांबा, मेल्यांनो!" ती एवढ्यानं ओरडली की सगळे जागच्या जागी आडवेच उभे राहिले. "माझी चाल माझ्या पायांची आहे, ती उसनी घेऊन काय करणार? आणि मला माता करू नका, मला फुलं नकोत. अजून निम्मा बोळा आत आहे आणि मला एकच नांगी उरली आहे. ज्याचा आईवर जीव असेल त्यानं चिखलात उतरावं. बाकीच्यांनी खुशाल फेर धरावा!"

कुणी हललं नाही. चिखलात उतरलं की टिळा पुसणार होता ना!

मग रानडुक्कर पुढे आला. खाली मान घालून, धपकन चिखलात उतरला.

"अरे, टिळा पुसला!" वानर किंचाळला. "तुझी खूण गेली!"

"जाऊ दे," रानडुक्कर म्हणाला. "मावशी, कुठनं उपसू?"

"तोंडापासून," खेकडी म्हणाली. "आणि हळू हं. आईचा गळा आहे तो."

त्यांच्या मागून पाडसाची आई उतरली आणि खुरांनी लगदा ओढायला लागली. वानर दगडासमोर डोळे मिटून बसला. पाणी मात्र तोही त्याच झऱ्याचं प्याला.

तात्पर्य : ज्याच्यावर जीव आहे त्याच्यासाठी जो चिखलात हात घालतो, तो भक्त, बाकीच्या खुणा काय, वानरालाही जमतात.