सैल स्क्रूचा आवाज

रॉकेटं नुकतीच उडायला शिकत होती, तेव्हाची गोष्ट. एका चाचणी केंद्रात उड्डाणासारखे हादरे देऊन तपासणाऱ्या हलत्या टेबलावर एक उपग्रह ठेवला होता. त्यातला एक स्क्रू सैल होता.

“आवाज करू नकोस हं, थेट भंगारात जाशील!” शेजारच्या बोल्टाने दरडावलं. स्क्रू बिचारा अंग चोरून बसला.

टेबल म्हणालं, “अरे बाळा, इथे खुळखुळलास तर माणसं धावून येतील. वर आभाळात निसटलास, तर सगळा उपग्रहच जाईल.”

डोळे घट्ट मिटून स्क्रू खुळखुळला.

टेबल थांबवून अभियंता कौमुदीताई धावल्या. “सापडलास रे बाबा!” म्हणत त्यांनी त्याला नीट आवळलं. स्क्रूला वाटलं, एवढंच होतं होय?

तेवढ्यात बोल्टाने हळूच घसा खाकरला. “ताई, जरा इकडेही बघता का?”