माशीचं टाकं

हात नका झटकू, ताई. मधमाश्या तुमच्यासाठी नाही, पाण्यासाठी आल्यात. हे माशीचं टाकं. पाणी त्या कातळाच्या पोटात, आणि काठावर ही उथळ दगडी परात, खड्यांनी भरलेली. आमच्या धामणखोऱ्यात नवी सून आली की उंबरा ओलांडण्याआधी इथं येते आणि टाक्यातली पहिली कळशी या परातीत ओतते. शहरातल्या मुलीही ओततात, कुरकुरत का होईना.

असं सांगतात, की फार पूर्वी इथं सालोसाल पाऊस झाला नाही. ओढा आटला, गुरं मेली. लोकांनी ओढ्याचं पात्र पुरुषभर खणलं, तरी हाती वाळूच आली. शेवटी धावजी पाटलानं गाव सोडायचं ठरवलं. जाण्याआधी कड्यावरची मोहोळं जाळून मध काढायचा, तेवढीच वाटेची शिदोरी. पलिते बांधून झाले, तेव्हा त्याची सून भिवरा पुढं आली म्हणे.

"मामंजी, पाखरंसुदिक गेली, पन ह्या माश्या हितंच हायेत. पान्याबिगर कशा ऱ्हातील?"

सासऱ्यासमोर कधी तोंड न उघडणारी पोर बोलली, म्हणून धावजी थांबला. "उद्या दिवस मावळंपत्तुर बघ," म्हणाला. "मग मी ऐकायचो न्हाई."

भिवरा भर उन्हात कड्याखाली बसून राहिली. बऱ्याच माश्या पायांना पिवळे परागकण चिकटवून येत. काही मात्र मोकळ्या पायांनी, जणू पाणी पिऊन जडावलेल्या, आणि नेहमी एकाच बाजूनं. त्या जिकडून येत तिकडं ती चालत गेली आणि या कातळापाशी पोचली. भेगेला ओल होती, ओलीला माश्या बिलगल्या होत्या. गावानं भेग फोडली, पाणी लागलं, गाव राहिलं.

गोष्ट इथंच संपती तर आम्हांला बरं वाटलं असतं. पण कातळ फोडल्यावर ओल खाली उतरली आणि वरची भेग कोरडी पडली. माश्या टाक्यात बुडून मरू लागल्या. वाचलेल्या माश्या बायकांच्या कळशांवर तुटून पडल्या. लोकांनी पुन्हा पलिते काढले.

भिवरा आडवी उभी राहिली. "पानी त्यांचं आपन घेतलं, आन् जाळता बी त्यांनाच?"

धावजीनं मान खाली घातली म्हणतात. त्यानं स्वतः ही परात कोरली, माश्यांना बसायला खडे घातले, आणि सगळ्यांसमोर शब्द दिला, की पहिलं पाणी त्यांचं. त्या सुनेचा मला फार अभिमान वाटतो, उघडच सांगतो.

आजही वैशाखात टाकं तळाला जातं आणि गावात टँकर येतो. रांगेत अशी भांडणं होतात की विचारू नका. पण परात भरेपर्यंत कुणी पाइपाला हात लावत नाही. मागच्या उन्हाळ्यात एक नवा ड्रायव्हर हसला. "माणसं तहानलेली, आणि पाणी माश्यांना?" कुणी हंडा पुढं केला नाही. शेवटी त्यानंच उतरून परात भरली.