विहिरीची ओटी

एक होती विहीर. राजाबिजाची नव्हे हो, साध्या करंजवाडीची. तिच्या तळाशी साती आसरा राहायच्या. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी, बरं का. गावात लग्न झालं, बारसं झालं, की बायका विहिरीची ओटी भरायच्या. खण, नारळ, तांदूळ, सगळं थेट पाण्यात.

मग एके वर्षी पाण्याला वास सुटला. गोजराची लेक मैना एवढीशी. ते पाणी प्याली की पोट धरून रडायची. दुसरं पाणी आणायचं कुठून?

सासू धोंडाबाई म्हणाली, "आसरा रुसल्या गं. ओटी भर." गोजरानं भरली. पाणी हिरवं झालं. मग सगळ्या गावानं भरली. पाणी काळं झालं. मैनाला आता उठून बसवेना. तिसऱ्यांदा गोजरा आपलं लग्नातलं लुगडं घेऊन काठावर वाकली. आणि काय सांगू, आतून कुणीतरी खोकलं!

"पुरे गं बाई," थोरली आसरा म्हणाली. "पदर फाटायला आला माझा. झरे बुजले, चिरे ढासळले."

गोजरानं आणखी खाली वाकून विचारलं, "मग आई, बोलला का नाहीत?"

"केव्हाची हात पुढे करून बसलेय! ओटी भरली की त्यातले चार दाणे भरणारीला परत द्यायचे असतात ना? तुम्ही टाकता आणि पाठ फिरवता. घ्यायला थांबतंय कोण?"

गोजरा धावत घरी आली. ऐकून धोंडाबाईनं कपाळावर हात मारला. "अगं बया! लोकांच्या दारात दाण्यांसाठी अडून बसते मी, आणि इथंच विसरले!"

देवीचं परत काढायचं म्हणजे पाप, म्हणून आजवर कुणी हात लावला नव्हता. पण देवीच देतेय म्हटल्यावर काय! दोर आले, टोपल्या आल्या. काळं पाणी उपसून काढलं. गोजरा पदर खोचून खाली उतरली. कुजके नारळ, खण, काळा गाळ वर येऊ लागला. बायकांनी पदर पसरले, तशी धोंडाबाई ओरडली, "पदरात नको गं, घमेल्यात घ्या!"

मग केरबा गवंड्यानं ढासळलेले चिरे पुन्हा बसवले. गोजरा तळ खरवडत राहिली. बोटाला गार लागलं. एक झरा फुटला, मग दुसरा, मग तिसरा.

गढूळ पाणी उपसून टाकलं. नितळ पाणी आलं, तसा पहिला तांब्या मैनाच्या ओठांना लावला. मैनानं घोट घेतला. आणखी एक घेतला. पोट धरलं नाही. म्हणाली, "अजून."

धोंडाबाई ढसाढसा रडली, आणि वर गोजरालाच म्हणाली, "बघतेस काय? ओत की!"

तेव्हापासून ओटी काठावरच भरतात, आणि दाणे परत घेतात. मैना गुबगुबीत झाली. आसरा ऐसपैस राहिल्या, गावही सुखानं राहिलं.

आता कुणाला तहान लागली असेल तर आत्ताच सांगा. नाही ना? मग वळा कुशीवर, आणि मिटा डोळे.